उठतानाचं पाणी

माझं रिसोडला मेडिकलचं दुकान आहे. काउंटरमागं उभं राहून एक गोष्ट मी शिकलो, की माणूस तापाची गोळी मोठ्यानं मागतो आणि लाजेची वस्तू इकडंतिकडं बघून. परवा एक सत्तरीचे गृहस्थ आले. आधी खोकल्याचं औषध घेतलं, मग बाम घेतला, मग दुकान रिकामं व्हायची वाट बघत पंख्याखाली उभे राहिले. शेवटी म्हणाले, "ते मोठ्या मान्सायचे असतात ना, ते हायेत का?" मी काही न विचारता मोठ्यांच्या डायपरचं पाकीट काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, वरून दोरा बांधला आणि काळ्या पिशवीत घालून दिलं. ही गुंडाळायची पद्धत मला किसनभाऊंनी लावली. दिवसभर मग त्यांच्याशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

किसनभाऊ एस.टी.त कंडक्टर होते. सगळी नोकरी त्यांनी रिसोड, मालेगाव, वाशीम याच पट्ट्यात काढली. तिकिटं फाडता फाडता कोणाची लेक उपवर झाली, कोणाचा पोरगा नोकरीला लागला, कोणत्या घरी सासू कडक आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात जमा होत गेलं. गाडीतच त्यांनी पहिली सोयरीक जुळवली. पुढच्या सीटवर मुलीचा बाप, मागच्या सीटवर मुलाचा मामा, आणि मालेगाव यायच्या आत बोलणी पक्की. निवृत्त झाल्यावर तर तोच उद्योग झाला. कोणाकडून सुपारीच्या खांडाचीही अपेक्षा नव्हती. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खांद्यावर कापडी पिशवी आणि पिशवीत मुलामुलींचे फोटो. पुढं फोटो मोबाईलमध्ये आले तरी पिशवी सुटली नाही. पोरीचा बाप काळजीत दिसला की म्हणायचे, "सोयरीक आन् एसटी, दोनी येतेच. फक्त फाट्यावर उभं राहा लागते."

त्यांची एक रीत होती आणि ती तीन तालुक्यांना ठाऊक होती. मुलाकडच्यांना घेऊन ते मुलगी बघायला जात. चहा-पोहे होत, गप्पा होत, होकार-नकाराचा शब्द मात्र कोणी काढायचा नाही. निघायची वेळ झाली की किसनभाऊ उठून उभे राहत आणि उभ्या उभ्याच म्हणत, "एक गिलास पानी आना बरं." पाणी मागितलं म्हणजे सोयरीक पुढं सरकली. न मागता पायात चपला घातल्या म्हणजे विषय संपला. कोणाला तोंडावर नाही म्हणायची पाळी येत नव्हती. मुलीची आई दारामागं तांब्या भरून उभी असायची आणि तिचे कान भाऊंच्या आवाजाकडं लागलेले असायचे. माझ्या वेळी भाऊ एक सोडून तीन गिलास पाणी प्यायले. माझी बायको अजून सांगते, तिसऱ्या गिलासाला तिची आई आत जाऊन रडली होती.

नकार देतानाही त्यांचा जीव कसा तुटायचा ते मी पाहिलेलं आहे. एकदा अनसिंगहून परत येताना जीपमध्ये म्हणाले, "पानी नाही मागतलं म्या आज. त्या मायचं तोंड पाह्यलं का तू?" आणि पुढच्या दोन महिन्यांत त्याच मुलीला दुसरं स्थळ आणून दिलं. आपल्या तहानेला किती वजन आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं.

सहासष्टाव्या वर्षी त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. वय झालं म्हणून वर्षभर अंगावर काढला. मग रक्ताची तपासणी झाली, तुकडा काढून तपासला, आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पुण्यात असलेल्या त्यांच्या मुलानं हालचाल केली, मोठ्या शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, वाचलात. गावात सांगितलं हर्नियाचं ऑपरेशन. खरं काय ते फक्त गोदाकाकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मुलाला आणि औषधाच्या चिठ्ठ्या माझ्याकडं येत म्हणून मला माहीत होतं.

नळी काढल्यावर लघवी थांबेना. खोकलं की थेंब, उठलं की थेंब, हसलं तर जास्तच. असं होतं, काही महिन्यांत पुष्कळांचं सुधारतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मीही सांगितलं. पण ज्या माणसानं भर उन्हाळ्यात सहा-सहा तास गाडीवर काढले आणि ड्रायव्हर चार वेळा उतरला तरी आपण एकदाही उतरलो नाही म्हणून बढाया मारल्या, त्याला हे कसं सोसावं? ते दुपारी दोनला दुकानात येऊ लागले. त्या वेळी बाजार झोपलेला असतो. पांढरा पायजमा गेला होता आणि चॉकलेटी पँट आली होती.

पहिल्या दिवशी पाकीट मी तसंच हातात दिलं. त्यांनी ते परत ठेवलं.

"पेपरात बांध, विजू. दोरा लाव. आन् तुह्या दुकानातली गोष्ट दुकानातच राह्यली पायजे. घे शपथ."

मी काउंटरवर हात ठेवून शपथ घेतली. आज वाटतं, त्या दिवशी हात भाजला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी खालचे स्नायू आवळायचा आणि सोडायचा व्यायाम दिला होता. कागद इंग्रजीत होता, मी वाचून समजावला. भाऊंनी त्याला लगेच आपल्या भाषेत बसवलं. एस.टी.त एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे जाऊ दे. ते स्टुलावर बसून डोळे मिटायचे आणि पुटपुटायचे, "टण." आवळून धरायचे. मग "टण टण." आणि सोडायचे. मला हसू यायचं आणि ते दाबता यायचं नाही. एकदा तेही हसले आणि लगेच चेहरा बदलला. उठून भिंतीच्या कडेकडेनं घरी निघून गेले. त्यानंतर माझ्यासमोर ते फारसे हसले नाहीत.

आणखी एक गोळी लिहून दिलेली होती. त्यांनी विचारलं ही कशाची, मी खाली बघत सांगितलं, नवरा-बायकोच्या जवळिकीसाठी. पट्टी खिशात ठेवली आणि महिन्याभरानं होती तशी परत आणून दिली.

"एकदा घेऊन तर पाहा," मी म्हणालो.

"आदी मान्साले जवळ बसू देता आलं पायजे, विजू. बाकीचं मंगचं."

त्याच आठवड्यात गोदाकाकू बाम घ्यायला आल्या. बाम घेतला तरी जाईनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "विजूभाऊ, ते तुमच्यासंग बोलतात. त्यायले एक सांगसान का?"

"सांगा ना काकू."

"खाट ओसरीत नेली त्यायनं. म्हनतात वास येते. मले नाई येत वास. आन् आला त काय झालं? सारा जलम त्यायच्या डिझेलच्या वासात झोपली मी." बाम पिशवीत टाकत त्या म्हणाल्या, "मले दुसरं काही नाई पायजे म्हना. कूस बदलली त खोलीत मानूस दिसलं पायजे, बस."

मी सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली, पण खाट ओसरीतच राहिली. लोकांच्या लेकी संसाराला लावणाऱ्या माणसानं स्वतःच्या बायकोला असं आतल्या खोलीत एकटं टाकावं याचा मला राग यायचा. त्यांच्यासमोर मात्र तो राग बाहेर पडायचा नाही.

याच दिवसांत त्यांनी पाणी सोडलं. बाहेर जायचं असलं की सकाळपासून थेंब घ्यायचा नाही. प्यायलंच नाही तर गळेल काय, असा हिशेब. मी घसा फोडून सांगितलं की भाऊ, पाणी कमी झालं की लघवी तिखट होते, आग होते, उलट जास्त गळते. त्यांचं एकच उत्तर, "टाकी खाली त चिंता नाई." मोठमोठ्या संसारांचे अंदाज बरोबर बांधणारा माणूस, या बाबतीत लहान पोरासारखा चुकला.

आता किन्हीराजा गावचं सांगतो. वामनराव हे भाऊंच्या गाडीवरचे ड्रायव्हर. एकवीस वर्षं दोघं एका गाडीवर होते. वामनरावांची मुलगी सुनंदा आरोग्य उपकेंद्रात सिस्टर होती. वय एकोणतीस झालेलं, स्थळं येत आणि या ना त्या कारणानं परत जात. भाऊंनी ती दहावीत असताना शब्द दिला होता, "वामन, पोट्टीचं लगन माह्याकडं." ऑपरेशननंतर सगळं सोडलं तरी हा शब्द त्यांना सुटत नव्हता. माझ्या मोठ्या भावाचा मुलगा प्रशांत याचं खताचं दुकान आहे, सरळ मुलगा, त्याला नोकरीवाली मुलगी हवी होती. भाऊंनीच दोन्ही घरी बोलणं घातलं आणि मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही जीपनं निघालो. किसनभाऊ, माझा भाऊ, वहिनी, प्रशांत आणि मी.

दीड तासाचा रस्ता, उन्हाची झळ आत येत होती. मी पाण्याची बाटली पुढं केली तर त्यांनी मागं सारली. ओठांना पांढरी सालं आली होती. वामनरावांच्या घरी पोचल्याबरोबर पाणी आलं. "आज उपास हाय," भाऊ म्हणाले. वार बुधवार होता. वामनरावांच्या कपाळावर बारीक आठी आली. गादीवर नवी पांढरी चादर अंथरलेली होती. भाऊ तिच्यावर बसले नाहीत, कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढून बसले.

मुलगी आली. धीट होती, डोळ्याला डोळा देऊन बोलत होती. प्रशांतला लसीकरणाबद्दल काहीतरी विचारायचं सुचलं आणि तिनं इतकं नीट सांगितलं की माझी वहिनीही ऐकत बसली. दोघांना अंगणात पाच मिनिटं बोलू दिलं. परत आला तेव्हा प्रशांतचे कान लाल झाले होते. माझ्या भावानं किसनभाऊंकडं पाहून मान हलवली. म्हणजे पसंत. आता फक्त भाऊंनी उभं राहून एक वाक्य म्हणायचं होतं. दारामागं सुनंदाची आई उभी होती, तांब्याचा काठ मला दिसत होता.

भाऊ उठले आणि तिथंच थबकले. कोपऱ्यात त्यांच्या मागच्या बाजूला मी एकटाच होतो; खाली पाहिलं आणि मला कळलं. चॉकलेटी पँट मागून काळी झाली होती आणि खुर्चीच्या बैठकीत ओल चमकत होती. त्यांनी कापडी पिशवी पाठीमागं धरली, कोणाकडं न बघता चपला घातल्या आणि थेट जीपमध्ये जाऊन बसले. पाणी मागितलं नाही. दारामागची बाई तांब्या घेऊन तशीच राहिली. वामनराव माझ्याकडं बघत होते आणि मी चादरीच्या घडीकडं.

घरी आल्यावर माझा भाऊ म्हणाला, "किसनभाऊले काही तरी दिसलं असन. उगीच नाई त्यायनं पानी सोडलं. वाचवलं आपल्याले."

"अरे, त्यांचं पोट बिघडलं होतं," मी म्हणालो.

"त्यायचं पोट कदीच बिघडत नाई."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी स्वतः फोन करून हेच सांगितलं, पोट बिघडलं होतं, मुलगी चांगली आहे, करून टाका. माझा भाऊ हो-हो म्हणाला आणि फोन ठेवून बायकोला म्हणाला, मित्राच्या पोरीसाठी बोलतात बिचारे. वामनरावांनी तर फोनच उचलला नाही. भाऊंच्या शब्दापेक्षा त्यांच्या पाण्यावर लोकांचा विश्वास होता, आणि तो विश्वास त्यांनीच आयुष्यभर मेहनतीनं तयार केलेला होता. खरं सांगितलं असतं तर एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. मी त्यांना तसं म्हणालोही. ते हात जोडून म्हणाले, "विजू, लोकायच्या अंगनात हे सांगत फिरू? मंग जगलो कायले?" आणि मी शपथेच्या आड लपलो. समोर सख्खा भाऊ होता, घरातला पुतण्या होता, आणि मी जीभ आवरून बसलो. याचं मला आजही काही चांगलं म्हणता येत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर भाऊंना थंडी वाजून ताप भरला. पाणी सोडल्यानं लघवीत जंतू झाले होते. वाशीमला आठ दिवस भरती ठेवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं आणि समोर बसून पाणी पाजलं. तिथून निसर्गानं आपलं काम सुरू केलं. पाणी वाढलं, घंट्यांचा व्यायाम चालू राहिला, दिवसाची चार पॅडं तीनवर आली, दोनवर आली, वर्ष होता होता एकावर आली. डॉक्टर खूश होते. कागदावर किसनभाऊ बरे झाले होते. सुटलेल्या गोष्टी मात्र परत आल्या नाहीत. बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर त्यांची जागा होती, तिथं दुसरे लोक बसू लागले. प्रशांतचं लग्न दिवाळीनंतर दुसरीकडं झालं. पत्रिका द्यायला मी गेलो तर काकूंनी घेतली. भाऊ ओसरीत भिंतीकडं तोंड करून पडलेले होते.

मग एक दिवस ते आले, भर संध्याकाळी, दुकानात गर्दी असताना. गिऱ्हाईकं सरेपर्यंत उभे राहिले.

"सुनंदाले आनखी एक स्थळ आलतं. त्यायनं इचारलं, किसन कंडक्टरनं ह्या घरी पानी काहून नाई मागतलं? आन् वापस गेले." त्यांनी काउंटरची कड घट्ट धरली होती. "माह्या एका न मागतल्या पान्यानं वामनच्या घराले डाग लागला, विजू. उद्या मले तिकडं ने. सांगून टाकतो."

दुसऱ्या दिवशी माझ्या मोटरसायकलवर आम्ही किन्हीराजाला गेलो. पुन्हा मे महिनाच होता. वामनराव ओट्यावर बसले होते. "या," म्हणाले, पण उठले नाहीत. भाऊंनी दारात चपला काढल्या आणि बसायला नको म्हणून उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. हर्निया खोटा होता इथून ते त्या दिवशीच्या खुर्चीपर्यंत सगळं सांगितलं. कुठं अडखळले नाहीत. तिकीट देताना स्टॉपांची नावं घ्यायचे तशा सपाट आवाजात बोलले. फक्त "ओला झालतो" म्हणताना आवाज बसला.

वामनराव म्हणाले, "एकवीस वर्सं आपुन एका गाडीवर व्हतो, किसन. एका डब्यात जेवलो. आन् मले सांगाची तुले लाज वाटली?"

तेवढ्यात सुनंदा आतून आली. ड्युटीवर जायच्या तयारीत होती, हातात लसींचा डबा होता.

"मले तवाच समजलं व्हतं, काका," ती म्हणाली.

भाऊंनी मान वर केली.

"तुमी गेल्यावर खुर्ची म्याच उचलली. बाबा आत याच्या आदी मागं नेऊन धुतली. असे पेशंट आमच्याकडं येतात. तुमी पानी घेतलं नाई, चादरीवर बसले नाई, तवाच समजली मी."

"मंग पोरी, तू बोलली काहून नाई?"

"तुमी लपवून राह्यले व्हते. मी कशी सांगू?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. भाऊंनी विचारलं, "पोरगा पसंत व्हता का तुले?"

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेवरून कळलं, मला सगळं माहीत असून मी गप्प राहिलो हेही तिनं ओळखलं होतं. "हाव," ती म्हणाली, आणि डबा घेऊन उपकेंद्राकडं निघून गेली.

पंधरा दिवसांनी मुलगा भाऊंना आणि काकूंना पुण्याला घेऊन गेला, आणि हिवाळ्यात तिकडून भाऊ गेल्याचा फोन आला. हृदय बंद पडलं. कॅन्सर पुन्हा कुठं नव्हता, मुलगा मुद्दाम सांगत होता. पुण्याला निघाले त्या दिवशीही मी त्यांना गाडीत बसवून दिलं, पण माझ्या डोळ्यासमोर किन्हीराजाचेच किसनभाऊ येतात. सुनंदा गेली तसे ते वळले, वामनरावांचा निरोपही न घेता अंगणातून बाहेर पडले. मोटरसायकलजवळ थांबले नाहीत. बाराचं ऊन होतं, डांबर पाघळलेलं होतं. मी दारातून त्यांच्या चपला उचलल्या आणि मागं धावलो. "भाऊ, पाय भाजतील," म्हणून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. त्यांनी त्यांना वळसा घातला. मी पुन्हा उचलल्या, पुन्हा पुढं ठेवल्या. हापशावरच्या बायका घागरी तशाच ठेवून बघत होत्या. शेवटी मी चपला हातातच घेतल्या, आणि मोठ्या रस्त्यापर्यंत ते अनवाणी पुढं आणि मी मागं, असे आम्ही चालत गेलो.